काम आपले, सही दुसऱ्याची
दहावीनंतर मुलाला दुकानात बसवण्याआधी थोडा विचार व्हावा

मे-जूनमध्ये दहावीचा निकाल लागतो आणि आपल्या मोहल्ल्यातील घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? नोकरदारांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. आपल्या व्यापारी आणि कारागीर वर्गात मात्र ते निकालानंतरच्या आठ दिवसांत, गल्ल्यावर बसल्या बसल्या, दोन वाक्यांत ठरते. "लिहिता-वाचता येतं, हिशेब येतो, पुष्कळ झालं. उद्यापासून दुकानात ये." मुलगा मान हलवतो. त्याने मान हलवली म्हणजे त्याला पटले, असे आपण धरून चालतो.

या पानावर एरवी आपण सोयाबीन-तुरीची आवक, मालाची उधारी, बँकांचे कर्ज यांविषयी बोलतो. आज शिक्षणाविषयी बोलण्याचे कारण हे की, हा प्रश्न मुळात धंद्याचाच आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे बारा लाख लोकसंख्या. मोठा कारखाना नाही, शेतीवर चालणारी बाजारपेठ. केंद्र सरकारने २०१८ मध्ये देशातील विकासात मागे राहिलेले जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातील चार होते आणि वाशिम त्यांपैकी एक. अशा जिल्ह्यात आपला समाज प्रामुख्याने हाताच्या कसबावर आणि छोट्या दुकानदारीवर जगतो. मोटार दुरुस्ती, वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम, गवंडीकाम, शिलाई, फळांची आडत, किराणा, भंगार. हे धंदे पुढची तीस वर्षे कोण चालवणार आणि कोणत्या दर्जाने चालवणार, हे आज सोळा वर्षांच्या असलेल्या मुलावर अवलंबून आहे.

मुलाच्या मनात काय चालते?

एखाद्या गॅरेजवाल्याचा मुलगा घ्या. असा मुलगा प्रत्येक गावात आहे. सातवी-आठवीपासून तो शाळा सुटल्यावर अब्बांच्या हाताखाली पाने-पक्कड देत आला. आज तो इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. त्याची आशा फार मोठी नसते. स्वतःच्या नावाची पाटी असावी, एखाद्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर चालवावे, नाहीतर पुण्याला किंवा आखाती देशात जाऊन चार पैसे कमवावेत आणि परत येऊन घर बांधावे.

आशेबरोबर चिंताही असतात. त्या तो घरात बोलून दाखवत नाही. पहिली चिंता भाषेची. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला पुढचा फॉर्म मराठीत, पुस्तक इंग्रजीत आणि वर्गात शिकवणे मराठीत मिळते. वर्गात चुकीचे बोललो तर हसतील, या धास्तीने तो कॉलेजचे नावच काढत नाही. दुसरी चिंता घरच्या पैशांची. बहिणीचे लग्न व्हायचे आहे, दुकानाचे भाडे थकले आहे, हे त्याला दिसते. म्हणून तो स्वतःच सांगून टाकतो, "मुझे नहीं पढना." आपण समजतो पोराला अभ्यासाची आवड नाही. खरे म्हणजे तो घराचा भार हलका करत असतो.

तिसरी चिंता सर्वांत रास्त आहे. त्याने आपल्याच नात्यातला बी.ए. झालेला भाऊ पाहिलेला असतो. तीन वर्षे घालवून तो भाऊ शेवटी दुकानातच येऊन बसला, आणि आता त्याला दुकानाचे कामही नीट येत नाही, नोकरीही मिळत नाही. "मैं भी ना इधर का, ना उधर का रह जाऊँगा," ही भीती खोटी नाही. तिला 'शिकशील तर मोठा होशील' एवढे उत्तर पुरत नाही. कोणते शिक्षण, कशासाठी आणि त्याचा आपल्या धंद्याशी काय संबंध, हे त्याला सांगावे लागेल. ते सांगण्यासाठी आधी आपल्याला ठाऊक असावे लागेल.

धंद्यात आता सही लागते

पूर्वी उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे काढली की माणूस स्वतः उस्ताद होत असे. गिऱ्हाईक हाताची सफाई पाहत असे, कागद कोणी मागत नसे. ती परिस्थिती बदलली आहे.

वायरिंगचे उदाहरण घ्या. नव्या घराची संपूर्ण वायरिंग आपला मुलगा करतो. भिंतीत पाइप टाकतो, बोर्ड बसवतो, अर्थिंग करतो. पण वीज जोडणीसाठी टेस्ट रिपोर्ट द्यायचा असतो आणि त्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही लागते. तो ठेकेदार सही करतो आणि त्याचा मोबदला घेतो. मेहनत आपल्या मुलाची, सही दुसऱ्याची. तारतंत्रीचा म्हणजे वायरमनचा परवाना मिळवण्याची नेहमीची वाट आय.टी.आय.च्या प्रमाणपत्रातून जाते, आणि ते प्रमाणपत्र नाही म्हणून वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूसही कागदावर मदतनीसच राहतो.

औषधांच्या दुकानात भांडवल कोणीही घालू शकतो, पण नोंदणीकृत फार्मासिस्ट असल्याशिवाय दुकान चालवता येत नाही. ज्यांच्या घरात फार्मासिस्ट नाही ते पगार देऊन ठेवतात, आणि काही जण दुसऱ्याचे नुसते प्रमाणपत्र भिंतीवर लावतात. तो गुन्हाही आहे आणि कमाई संशयास्पदही होते. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांची डी.फार्म. केलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर तेच दुकान स्वतःच्या हक्काचे होते.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापूस पिकतो. म्हणून कृषी सेवा केंद्र हा येथील भरवशाचा व्यापार. पण खते आणि कीटकनाशके विकण्याच्या परवान्यासाठी केंद्र सरकारने गेल्या दशकात शैक्षणिक पात्रतेच्या अटी घातल्या. केवळ वडिलांचे दुकान होते म्हणून मुलाला नवा परवाना मिळेल, असे आता राहिलेले नाही. बांधकामातही तेच. आमचे गवंडी बंधू पिढ्यान् पिढ्या भिंती उभ्या करत आले, पण सरकारी कामाचा ठेका त्यांच्या नावावर नसतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या छोट्या कामांत सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी वाटा ठेवलेला असतो. गवंड्याचा मुलगा सिव्हिलचे शिक्षण घेऊन आला, तर बापाचा हात आणि मुलाची सही एकाच घरात येते.

आता गॅरेजकडे येऊ. १ एप्रिल २०२० पासून देशात बी.एस.-६ गाड्याच विकल्या जाऊ लागल्या. कार्बोरेटर गेला, दुचाकीतही फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. बिघाड कानाने नव्हे, स्कॅनर लावून शोधावा लागतो. विजेवरच्या दुचाकी आणि ऑटोही रस्त्यावर दिसू लागल्या, त्यांत तर इंजिनच नाही. शिवाय रस्ता बदलला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये तो ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या भागातून जाणाऱ्या या रस्त्यावरून गाड्या न थांबता निघून जातात. जुन्या रस्त्यावर टायर-पंक्चर, वेल्डिंग आणि चहाच्या टपरीवर ज्यांची रोजी होती, त्यांना हा बदल समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी मुलाला जुन्याच पद्धतीने दुकानात बसवणे म्हणजे सुरक्षित वाट धरणे नव्हे.

वाटा कोणत्या?

पहिली वाट आय.टी.आय.ची. वाशिमसह तालुक्याच्या गावी शासकीय आय.टी.आय. आहेत आणि प्रवेश ऑनलाइन होतात. इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड दहावीवर मिळतात. डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा आहे. आपल्या मुलाला ज्या कामाचा हात आहे तोच ट्रेड घ्यावा. त्याला निम्मे काम आधीच येत असते, त्यामुळे वर्गात तो मागे पडत नाही. उलट पुढे राहतो, आणि भाषेची भीती तेथेच कमी होते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारने काही शासकीय संस्थांत स्वतंत्र तुकड्या सुरू केल्या होत्या. आपल्या जवळच्या संस्थेत अशी तुकडी आहे का, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावे.

आय.टी.आय. म्हणजे शिक्षणाचा शेवट, हा समजही चुकीचा आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविका झाली की इंजिनिअरिंगच्या पदवीत पुन्हा थेट दुसरे वर्ष. गॅरेजमधून इंजिनिअरिंग कॉलेजपर्यंत जिना आहे, फक्त प्रत्येक पायरीवर कागद दाखवावा लागतो.

दुसरी वाट थेट पॉलिटेक्निकची. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका. वाशिमला शासकीय तंत्रनिकेतन आहे. सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल या शाखा आपल्या धंद्यांच्या अगदी शेजारच्या आहेत. गणित आणि विज्ञानात ज्याचे गुण बरे आहेत त्याने या वाटेचा विचार करावा.

तिसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे मोठ्या आस्थापनांना उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावे लागते. आपल्या जिल्ह्यात कारखाने थोडे असले, तरी एस.टी. महामंडळ आणि महावितरण आय.टी.आय. झालेल्या मुलांना उमेदवार म्हणून घेतात. तेथे कायम नोकरी लागेलच असे नाही. पण एक वर्ष पगारासारखे पैसे हातात येतात, शिस्त लागते आणि उमेदवारीचे प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर स्वतःचे दुकान टाकणारा मुलगा वेगळ्या दर्जाचा असतो.

चौथी वाट अकरावी-बारावीची. ती वाईट नाही, पण उद्देश ठरवून घ्यावी. औषधशास्त्र, नर्सिंग, लॅब टेक्निशियन, शेतीची पदवी यांसाठी विज्ञान शाखा उपयोगी पडते. हिशेब, कर-सल्ला, बँकिंग यांसाठी वाणिज्य. व्यापारी घरातल्या मुलाला वाणिज्य शाखा विशेष जवळची, कारण जी.एस.टी.च्या हिशेबासाठी आपण आज बाहेरच्या माणसाकडे जातो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पूर्वीसारखे ओळखीच्या सरांना भेटून जागा मिळत नाही, मुदतीत फॉर्म भरावा लागतो.

आखाती देशात जाण्याचा ज्यांचा विचार आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दहावी उत्तीर्ण असलेल्याच्या पासपोर्टला परदेशी मजुरीसाठी लागणाऱ्या सरकारी मंजुरीची अट राहत नाही. दहावी नसलेल्याला सौदी, अमिरात, कुवेत, कतार यांसारख्या देशांत कामाला जाताना ती मंजुरी घ्यावी लागते आणि नेमका तेथेच तो दलालाच्या हाती सापडतो. तिकडे पोहोचल्यावरही मदतनीस आणि तंत्रज्ञ यांच्या पगारातला फरक बहुतेक वेळा कसबापेक्षा प्रमाणपत्रावर ठरतो.

जो नापास झाला त्याचे काय?

निकालाच्या दिवशी सर्वांत एकटा हा मुलगा असतो. घरात आरडाओरडा होतो, शेजारच्या मुलाचे गुण ऐकवले जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याला दुकानात उभे केले जाते, जणू काही दुकान ही शिक्षा आहे. यात मुलाचाही अपमान होतो आणि आपल्या धंद्याचाही. ज्या कामावर अब्बांनी घर चालवले, ते काम नापासांचे, असाच अर्थ मुलाच्या मनात बसतो.

वस्तुस्थिती अशी की दहावी नापास होणे हा शेवट नाही. जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत सशर्त प्रवेशाची सवलत बोर्डाने ठेवलेली आहे. शाळा सुटून काही वर्षे झाली असतील, तर १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या परीक्षा देता येते. आणि वेल्डर, वायरमन, शिलाई यांसारखे काही ट्रेड आठवी उत्तीर्ण मुलांनाही मिळतात. म्हणजे दहावीत गणितात अडकलेला मुलगा वायरमन होऊ शकतो आणि पुढे परवाना मिळवून स्वतः सही करू शकतो. हे त्याला निकालाच्या दिवशीच सांगितले पाहिजे, दोन वर्षांनी नव्हे.

मुलींच्या शिक्षणाचा हिशेब

आपल्या समाजात दहावीला मुली मुलांपेक्षा चांगले गुण मिळवतात, हे शाळांचे निकाल पाहिले की दिसते. त्यांचीही आशा असते आणि चिंताही. त्यांची चिंता एका शब्दाची आहे : पुढे पाठवतील का? कॉलेज तालुक्याला आहे, एस.टी.ने जावे लागते, लोक काय म्हणतील, लग्नाला अडचण येईल. या शंका आई-वडिलांच्या मायेतून येतात. त्यांची टिंगल करण्यात अर्थ नाही, मार्ग काढण्यात आहे.

ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. मोहल्ल्यातील चार-पाच मुलींचा एकाच कॉलेजात प्रवेश घेतला आणि त्या एकाच गाडीने गेल्या, तर बरीचशी काळजी मिटते. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये निर्णय घेऊन वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओ.बी.सी., आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल तर खाजगी कॉलेजातही ही माफी लागू होते. आपल्या कारागीर घरांतील बहुतेक मुली या उत्पन्न मर्यादेत येतात.

वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, एम.बी.बी.एस.च्या १०० जागांचे. प्रत्येक मुलगी डॉक्टर होणार नाही. पण जेथे मोठे रुग्णालय वाढते, तेथे नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, एक्स-रे काढणारे या सर्वांची गरज वाढते. आपल्या आया-बहिणी दवाखान्यात जातात तेव्हा स्त्री कर्मचारी असावी असे आपल्यालाच वाटते. मग त्या कर्मचारी कोणाच्या घरातून येणार?

कागद वेळेवर काढा

या सर्व सवलतींच्या दारावर एकच गोष्ट अडवते, ती म्हणजे कागदपत्रे. मोमीन, बागवान, मणियार, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा आपल्या अनेक कारागीर आणि व्यवसायी बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. परंतु जातीचा दाखला काढायला गेले की वडील-आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले निघते आणि अर्ज परत येतो. ओ.बी.सी. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. अशा वेळी आजोबा, त्यांचे भाऊ, वडिलांच्या बाजूचे चुलते यांच्या शाळेची नोंद पाहावी. विदर्भात कोतवाल बुकाची नक्कल तहसील कार्यालयातून मिळते. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीत पुष्कळदा जात लिहिलेली सापडते. चुलत घराण्यात कोणाला आधीच जात वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर काम बरेच सोपे होते.

हे काम निकालानंतर आठ दिवसांत होत नाही. नववीत असतानाच सुरू करावे. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि विज्ञान शाखेत गेल्यास बारावीत जात वैधतेचा अर्ज, असा क्रम ठेवावा. ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांनी निराश होऊ नये. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के जागा आहेत आणि त्यात पात्र मुस्लिम कुटुंबांनाही दाखला मिळतो. आणखी एक साधी गोष्ट. आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि बँकेचे पासबुक यांवर मुलाचे नाव एकसारखे असावे. एकीकडे 'शेख', दुसरीकडे 'शे.', तिसरीकडे बापाचे नाव आधी, एवढ्यावरून शिष्यवृत्ती अडकते.

शिष्यवृत्तीबद्दलही गैरसमज पसरला आहे. केंद्राने २०२२-२३ पासून पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, तेव्हापासून 'आता काहीच मिळत नाही' असे अनेक पालक धरून बसले. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर व्यावसायिक शिक्षणासाठीच्या योजना वेगळ्या आहेत. दरवर्षी त्यांची चौकशी करावी, ऐकीव गोष्टीवर बसून राहू नये.

पैसा आणि व्याज

शासकीय आय.टी.आय.ची फी खाजगी कॉलेजच्या मानाने फार थोडी असते. खरा खर्च जाण्या-येण्याचा, हत्यारांचा आणि मुलाच्या बुडालेल्या मजुरीचा. हा शेवटचा खर्चच अनेक घरांना झेपत नाही, हे मान्य केले पाहिजे. दोन वर्षांची मजुरी आज सोडायची आणि पुढची तीस वर्षे सहीचे मोल घ्यायचे, असा हा सौदा आहे. व्यापारी माणसाला तो समजावून सांगावा लागू नये.

कर्जाबाबत आपल्या अनेक बांधवांना व्याजाचा प्रश्न पडतो आणि तो योग्यच आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ सवलतीच्या दराने शैक्षणिक कर्ज देते, पण ज्यांना तेही नको त्यांनी काय करावे? येथे समाजाची जबाबदारी येते. रमजानमध्ये आपल्या जिल्ह्यातून जकातीची बरीच रक्कम बाहेरगावच्या पावत्यांवर जाते. तिचा काही भाग आपल्याच गावातील पात्र घरांच्या मुलांच्या फी आणि प्रवासासाठी ठेवता येईल. आलिमांना विचारून त्याचे नियम ठरवावेत. ज्यांची ऐपत आहे त्या व्यापाऱ्यांनी एका मुलाला दोन वर्षांसाठी कर्जे-हसना दिले, म्हणजे बिनव्याजी उसने पैसे दिले, तर तो मुलगा कमावता झाल्यावर परत करील आणि तीच रक्कम पुढच्या मुलाला जाईल.

दुकान सोडायचे नाही

काही वाचकांना वाटेल की सगळी मुले शिकायला गेली तर दुकाने कोण चालवणार? दुकान सोडा असे कोणी म्हणत नाही. इमाम अबू हनीफा (रह.) हे कापडाचे व्यापारी होते. कूफा शहरात त्यांचे रेशमी कापडाचे दुकान होते आणि त्याच वेळी ते आपल्या काळातील सर्वांत मोठे फकीह होते. दुकान आणि ज्ञान यांचे वैर त्यांनी मानले नाही. आपणही मानण्याचे कारण नाही.

आय.टी.आय. सुटल्यावर संध्याकाळी मुलगा गॅरेजमध्ये येऊ शकतो. सुटीच्या दिवशी पूर्ण वेळ देऊ शकतो. त्याला त्या कामाचे थोडे का होईना पैसे द्यावेत. घरचा मुलगा म्हणून फुकट राबवले तर धंदा त्याला ओझे वाटतो, हिस्सा दिला तर तो धंद्याला आपला समजतो. जो मोठा भाऊ आधीच शाळा सोडून दुकानात बसला आहे, त्याला विसरू नये. केंद्राच्या कौशल्य योजनेत पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवलेली आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी यांच्यासह अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत असे तिचे स्वरूप आहे. अट अशी की वय अठरा पूर्ण असावे आणि घरातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो.

आता कामाचे बोलू. या वर्षी ज्यांच्या घरी नववी-दहावीचे मूल आहे, त्यांनी निकालाची वाट न पाहता एक दिवस दुकान दोन तास उशिरा उघडावे आणि मुलाला घेऊन जवळच्या आय.टी.आय.त किंवा तंत्रनिकेतनात जाऊन यावे. यंत्रे पाहावीत, शिक्षकांना विचारावे, फीचा आकडा लिहून आणावा. परतताना मुलाला विचारावे की त्याला काय वाटते, आणि तो बोलेपर्यंत थांबावे. व्यापारी संघटना आणि मशिदीच्या कमिट्यांनी मे महिन्यात जुमाच्या नमाजनंतर अर्धा तास काढून गावातील एखाद्या शिक्षकाला आणि सेतू केंद्र चालवणाऱ्याला बोलवावे. फॉर्म कोणता, तारीख कोणती, कागद कोणते, एवढेच सांगितले तरी पुष्कळ मुलांचे वर्ष वाचेल.

मुलाला शेवटी गॅरेजच चालवायचे असेल तर खुशाल चालवावे. हलाल कमाईचे कोणतेही काम कमी नाही. फक्त त्याच्या कामाखाली त्याचीच सही असावी, एवढी तजवीज आपण सोळाव्या वर्षी करून ठेवू या. इन्शाअल्लाह, त्यात बरकत होईल.